वास येतोय का?

इथल्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरची कोपी, म्हणजे कॉफी, असो की माझ्या डब्यातली भाजी, तो आधी हुंगतो. "सवय हो, सर," म्हणत हसतो.

सॉल्व्हंटमध्ये जुनं प्लॅस्टिक विरघळवून ते पुन्हा स्वच्छ मिळवायची पद्धत माझी, पण लॅबमधल्या फ्लास्कपुरती. कारखान्याच्या मोठ्या टाकीतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांना सॉल्व्हंटचा वास राहायचाच. वर्षभर धडपडून मी हरलो, तेव्हा कंपनीने त्याच कामासाठी त्याला, एका नव्या इंजिनिअरला, आणलं. माझ्याहून बराच लहान. ऑपरेटर त्याला मोकळेपणाने "कॅन लाह, बॉस!", म्हणजे "जमेल की!", म्हणत आणि मला नुसतं "येस, सर". त्यालाही हे जमू नये, असं मला रोज वाटायचं. असं वाटण्याची लाज वाटायची, तरी वाटायचंच.

एका सकाळी त्याने मूठभर दाणे माझ्यापुढे धरले.

"वास येतोय का? तुम्ही नाही म्हणालात तरच पोती भरायची."

वास अजिबात नव्हता. "येतोय" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी दाणे पुन्हा नाकाशी नेले, मग आणखी एकदा. शेवटी कसंबसं म्हणालो, "नाही येत."

त्याचा चेहरा उजळला.

"म्हणूनच तुम्हाला विचारतो, सर. तुम्ही घाईने काही बोलत नाही."