स्लायगो ते डब्लिन, एका वॉर्डासाठी

आयर्लंडच्या परदेशी मदतीच्या विधेयकाला कात्री लागणार, ही बातमी मला मलावीहून वैशालीने दिली. मिरजेला आम्ही दोघींनी एकत्र एमबीबीएस केलं. आता ती तिथे बाळंतिणींचा वॉर्ड चालवते, याच मदतीच्या जोरावर. "तुमच्या खासदाराला भेट ना. वॉर्ड बंद पडला तर या बायकांनी जायचं कुठे?" मी स्लायगोच्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

डब्लिनला जायचं तर सकाळची ट्रेन बरी. तिकीट आधी ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. मलिंगारनंतर कालवा रुळांना चिकटून येतो. एरवी तो सुंदर दिसतो म्हणे, आम्हाला नुसता चिखल आणि पाऊस दिसला. सोबत आमच्या वॉर्डातली सिस्टर नोरा होती, स्लायगोचीच, तोंडाने फटकळ. मी भाषण पाठ करत होते आणि ती माझे मेथीचे पराठे संपवत होती.

"घसा कोरडा करू नकोस," ती म्हणाली. "ऐकून घेण्यात आमचे राजकारणी पटाईत आहेत."

संसदेत खासदाराने आधी नाव कळवलेलं लागतं आणि फोटोचं ओळखपत्रही, नाहीतर गेटवरूनच परत. आमचा खासदार स्वतः घ्यायला आला. कँटीनमध्ये चहा-स्कोनचा ट्रेसुद्धा त्यानेच उचलून आणला. मी सगळं सांगितलं: अंगात रक्त नसलेल्या पोरसवदा आया, मैलोन् मैल दुसरा डॉक्टर नाही. तो मान डोलवत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी!

"पटतंय मला, डॉक्टर. पण मलावीत माझा एकही मतदार नाही. पक्ष सांगेल तसंच मत द्यावं लागेल. तुमचं स्वतःचं काही काम असेल तर सांगा."

ही इथली रीतच आहे. खासदार दर आठवड्याला गावात बसतो. कुणाची पेन्शन, कुणाचा खड्ड्यांचा रस्ता, सगळं ऐकतो आणि बऱ्याचदा करूनही देतो.

मी काही बोलायच्या आत नोरा म्हणाली, "हिच्या आईचा व्हिसा अडकलाय."

त्याने पहिल्यांदाच पेन काढलं.

"ते राहू दे हो, मी वॉर्डासाठी..."

"वॉर्डाचं ऐकलं मी. आईचं नाव?"

मी नाव सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

"ग्रँड माणूस आहे," परतताना नोरा म्हणाली. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि आई येणार म्हणून आनंदही होत होता. तो आनंदच जास्त खुपत होता.

विधेयक कपातीसकट मंजूर झालं. आमच्या खासदाराचं मत कपातीच्याच बाजूने पडलं. पुढे आईचा व्हिसाही आला. त्याच्या शब्दाने की आपोआप, देव जाणे. आई आली ती 'त्या साहेबांसाठी' चिवड्याचा डबा घेऊनच. तो डबा अजून तसाच कपाटात आहे.

परवा वैशालीचा फोन आला. वॉर्डाला कुलूप लागलं होतं.

"तुझं कुणी ऐकलंच नाही का गं तिथे?"

समोर आई लसूण सोलत बसली होती.

"नाही गं," मी म्हणाले.