बाईंच्या वाट्याचं छप्पर

मी पदवीधर झालो तो वसावेबाईंमुळे. माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. म्हसावदला बाईंनी मला शिकवलं, कॉलेजचा अर्जही समोर बसवून भरून घेतला. आता त्या नाशिकला लेकीकडे असतात. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. त्यांच्या सातपुड्यातल्या गावचं जुनं चर्च बघायची मला फार ओढ होती. यंदा वैशाखात निघालोच.

जीपवाला म्हणाला, "चर्च देखाले जाई ऱ्हायना का भाऊ? आज तठे कौलं चाळी ऱ्हायनात. तुले बी वर चढाई देतीन!"

शेवटचं वळण संपलं आणि ते दिसलं! हातभर जाडीच्या दगडी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या. आत गेलो तर दगडी खांब एकही नाही. भिल्लांच्या घरात असतात तसे न तासलेले सागाचे खांब, वरच्या बेचक्यांत तुळया. मी मान वर करून बघतच राहिलो.

तिथले फादर हसले. "नकाशा परदेशी फादरचा. सुतार इथलेच. त्यांना जसं घर बांधता येत होतं, तसंच त्यांनी हे बांधलं."

बाहेर लाह (सगळ्या गावाने मिळून करायचं काम) चालली होती. पावसाआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. छपराचे घरागणिक वाटे ठरलेले. दुसऱ्याच्या वाट्याला कोणी हात लावत नाही. पण निम्मं गाव कामासाठी गुजरातेत.

"यंदा एक जरी वाटा राहिला, तर कौलं काढून पत्रे टाकायचं ठरलंय," फादर म्हणाले. "वेदीवरचा राहिलाय. वसाव्यांचा."

"मी चाळतो!"

कामावर देखरेख करणाऱ्या जेठ्यादादांनी मला न्याहाळलं. "पाहुण्याला आम्ही वर चढवत नाही. तू त्यांचा कोण?"

"बाईंचा विद्यार्थी."

"ते शाळेतलं. घरचा का पाहुणा, ते सांग."

"घरचा," मी म्हणून टाकलं.

"बाजाराला उतरलो की फोन करून विचारतो बाईंना," म्हणत त्यांनी शिडी दाखवली.

शिडी चढलो आणि उत्साहात थेट आढ्यापासून कौलं लावायला घेतली. खालून एक म्हातारी ओरडली, "ओ कॉलेजवाले! खालून लाव, खालून! असं लावलं तर पाणी सरळ फादरच्या डोक्यात!" सगळं छप्पर हसलं. मी पुन्हा वळचणीपासून सुरुवात केली.

उन्हं कलताना शेवटचं कौल बसलं. मग भाकरी, उडदाची डाळ आणि परतीची जीप. खरचटलेल्या हातांनी शहाद्याहून पत्र टाकलं:

"आदरणीय बाई, सा. न.
तुमचा वाटा पूर्ण झाला. पत्रे येणार नाहीत. दोन कौलं माझ्या हातून फुटली. गावात मी तुमच्या घरचा म्हणून सांगितलं आहे. जेठ्यादादा फोन करून विचारतील. नाही म्हणू नका."