आवाज बंद ठेवणारे मास्तर

मास्तर पिक्चर आवाज बंद करून बघायचे. इंग्रजी पिक्चर, आणि खालची अक्षरंही बंद. दहा मिनिटांत सांगायचे, "हा ब्रिटिश" किंवा "हा अमेरिकन". आखातात, बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या त्यांच्या खोलीत दर शुक्रवारी आम्ही चार-पाच मराठी माणसं जमायचो, मुद्दाम अनोळखी पिक्चर शोधून न्यायचो, पैजा लावायचो. मास्तर हरल्याचं मला आठवत नाही.

"अमेरिकन माणूस दार ढकलून आत येतो, साहेब. ब्रिटिश आधी दारात थांबतो. अमेरिकन रडला की कुणीतरी येऊन मिठी मारतं. ब्रिटिशाला रडू आलं की तो चहाचं आधण ठेवायला आत जातो."

हे कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं. "केबिनमध्ये," ते म्हणाले. नाशिकच्या एका थिएटरात ते पंधरा वर्षं ऑपरेटर होते. "मशीनचा खडखडाट एवढा, की संवाद कुणाला ऐकू येणार? बारक्या काचेतून माणसं बघायची, बस्स."

थिएटर बंद पडल्यावर ते कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या वेस्ट बेच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून आले. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की सगळ्यांकडून जुनी परत घ्यायची आणि तिच्यावर रद्दचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. मी तिथे सीनियर इंजिनिअर. वर्ल्ड कपसाठी आम्ही एक स्टेडियम बांधत होतो. मास्तरांची इच्छा एकच होती. "पहिल्या मॅचपर्यंत इथं राहायचं. कागदावर बघितलेल्या जिन्यांवरून खरी माणसं चढताना बघायची. इन्शाल्ला."

एका मीटिंगमध्ये आमच्या अमेरिकन डायरेक्टरने उशीर झाला म्हणून टेबलावर मूठ आपटली. आमची पाचावर धारण बसली. ब्रिटिश सल्लागार मात्र शांत होता. त्याने जिन्याचं ड्रॉइंग चाळलं, उकाड्याबद्दल दोन शब्द बोलला, सगळ्यांचे आभार मानले आणि उठला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, एक तरी खूश आहे."

मीटिंगची टिपणं घ्यायला मागे बसलेल्या मास्तरांनी माझी बाही धरली. "ओरडणाऱ्याचं सोडा, साहेब. तो संध्याकाळपर्यंत विसरेल. त्या म्हाताऱ्याकडे बघितलंत का? चहा अर्धा टाकून उठला. वर्षभर बघतोय, कप रिकामा केल्याशिवाय तो कधी उठलेला नाही. जिन्यात काहीतरी आहे. तो काम थांबवणार."

"मास्तर, हे ऑफिस आहे. तुमचं थिएटर नाही."

"असू द्या. ड्रॉइंग तर काढा. यल्ला, चला लवकर!"

काढलं. साइटवर जुन्या आवृत्तीचं ड्रॉइंग गेलं होतं. प्रेक्षकांचा ये-जा करायचा जिना त्यात अरुंद होता. नवी आवृत्ती मास्तरांनी माझ्या टेबलावर पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. जुनी परत मागायला ते दोनदा आले होते, मी दोन्ही वेळा "उद्या" म्हणालो होतो. आणि घाईत जुनीवरच सही करून ती पाठवून दिली होती.

चार दिवसांनी सल्लागार काम थांबवायची नोटीस घेऊन मीटिंगला आला. मी दुरुस्तीचा आराखडा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो नीट वाचला आणि नोटीस बॅगेत परत घातली. डायरेक्टरने माझ्या पाठीवर थाप मारली. "कोणी पकडलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"पण जुनं ड्रॉइंग साइटवर गेलंच कसं?"

"डॉक्युमेंट कंट्रोलकडून चूक झाली असावी."

मागे मास्तरांच्या बोटांखालचा टकटकाट क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी टिपणं हातात आली. माझं वाक्य त्यांनी माझ्या नावासकट, एका अक्षराचाही फरक न करता, टाइप केलं होतं.

मला बढती मिळाली. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. पहिली मॅच अजून तीन वर्षं लांब होती.

जायच्या दिवशी दुपारी ते उम्म सलाल मोहम्मदला आमच्या घरी निरोप घ्यायला आले. हिने चहा दिला. ही आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो, साहेब. अमेरिकन पिक्चरमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी उभं राहून खरं सांगतं."

"आणि ब्रिटिश?"

"त्यात सगळं माहीत असतं दोघांना. सांगत कुणीच नाही."

मग त्यांनी माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, हिच्या चहाचं कौतुक केलं, नमस्कार केला आणि उठले. दार लावून मी वळलो, तेव्हा टीपॉयवरचा कप दिसला. अर्धा भरलेला.

विमानाला चार तास होते. एअरपोर्ट गाठता आला असता. मी कप उचलला आणि ही बाहेर यायच्या आत धुवून ठेवला.

पहिल्या मॅचला मी त्या जिन्यावरून चढलो. शेजारून लहान मुलं, म्हातारी माणसं ऐसपैस चढत होती. एका टाकलेल्या चहावरून त्या माणसाने एवढा जिना रुंद करून घेतला होता. माझे पाय पुढे पडेनात. मागच्या माणसाने "यल्ला, यल्ला" केलं तेव्हा हललो.

गेल्या वर्षी मास्तर नाशिकला वारले. आता माझंही वय झालं. ती टिपणं अजून माझ्याकडे आहेत, आणि त्यांत एक दुरुस्ती करायची राहिली आहे. जुनं ड्रॉइंग मी पाठवलं. चूक मास्तरांनी पकडली.