आई पुन्हा बोलायला शिकली तेव्हा

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला. गुलाब, झेंडू, थोडी शेवंती आणि घराजवळ मेथी-कोथिंबिरीचे वाफे. शाळेत असताना माझी सकाळ फुलं तोडण्यात जायची. एका सरीत आई, शेजारच्या सरीत मी. मग नाना, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलवर फुलबाजाराला निघाले की त्यांच्या मागे, फुलांच्या पाट्या सांभाळत कशीबशी बसून मी पंचवटीतल्या शाळेत पोचायचे. हाताचा झेंडूचा वास दुपारपर्यंत जायचा नाही.

मी काही फार हुशार नव्हते, पण माझा आवाज मोठा होता. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय! मराठीच्या बाई म्हणायच्या, "धडा तूच वाच गं. मागच्या बाकावरच्यांची झोप तरी उडेल." मी उभी राहून वाचायला लागले की वर्ग खरंच ऐकायचा. मोठेपणी आपणही शिकवायचं, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हो की. पण एवढ्यानं ओरडू नको, पोरं पळून जातील."

दहावी झाली, अकरावीला कॉलेजात नाव घातलं. त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर, झेंडू ऐन भरात असताना, आई तोडता तोडता मटकन खाली बसली. मला वाटलं, दमली असेल. जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं आणि उजव्या हातातली फुलं एकेक करून गळून पडत होती. नाना तिला घेऊन दवाखान्यात धावले. शेजारच्या मळ्यातल्या बायांनी आपलं काम बाजूला ठेवून आमचा झेंडू आधी उतरवला. न सांगता, न विचारता.

आई घरी आली ती काठी धरून. पाय हळूहळू टाकायची, पण उजवा हात गेला होता आणि शब्दही गेले होते. एकच शब्द उरला होता, "चल." पाणी हवं असलं तरी "चल", राग आला तरी "चल". आपण काहीतरी वेगळंच बोलतोय हे तिला कळायचं. मग ती तोंड फिरवून घ्यायची.

नाना म्हणाले, "तू कॉलेज सोडायचं नाय. घरातलं मी बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी केली. पहिलीतल्या माझ्या धाकट्या बहिणीने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "नाना, ही कुठून खायची?" आम्ही हसलो. नानाही हसले. त्यानंतर मी कॉलेजला गेले नाही. मला कुणी थांबवलं नव्हतं. पाटाच्या रस्त्याने मैत्रिणी सायकलवर जायच्या, त्या वेळेला मी मागच्या वाफ्यात काहीतरी काम काढायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्याशी बोलत राहा. पण बोलायचं काय? एक दिवस बहिणीचा अभ्यास घेताना मी आईलाही शेजारी बसवलं. पहिलीच्या पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवायचं आणि वर्गात वाचायचे तशा खणखणीत आवाजात म्हणायचं, "घर!" आई ओठ हलवायची. आमची धाकटी फार कडक होती. "आई, चल नाही. घर म्हण, घर. नीट बघ माझ्या तोंडाकडे."

काही आठवडे नुसते ओठच हलले. मग एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावून धाकटी रोजचा श्लोक म्हणत होती, आणि मागून आणखी एक आवाज आला. आई म्हणत होती. चालीवर, अख्ख्या ओळी, एकही शब्द न चुकता. नाना ओट्यावरून धावत आत आले आणि दारातच उभे राहिले. श्लोक संपला तशी आई पुन्हा अडकली, पण आता आम्हाला रस्ता सापडला होता. मी प्रत्येक शब्दाला चाल लावायला लागले. मीठ, तांब्या, गुलाब, सगळ्यांची गाणी झाली.

तिचं पहिलं धड वाक्य मी केलेल्या वांग्याच्या भाजीवर होतं. घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "मीठ... लय झालंय." नानांनी ती खारट भाजी पातेलं पुसून खाल्ली.

बरीच वर्षं गेली. घर मीच चालवत होते. आई मात्र माझ्या लग्नाच्या मागे लागली. सिन्नरचं एक स्थळ आलं, मुलगा तिथल्याच कारखान्यात कामाला. पाहायला आले तेव्हा सगळ्यांचं विचारून झाल्यावर आईने त्याच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. "माझ्या पोरीला..." आणि पुढचा शब्द येईना. अशा वेळी पाहुणे हमखास तिचं वाक्य पुरं करायचे. तो थांबला. खाली बघितलं नाही, घड्याळ बघितलं नाही. हातातली कपबशी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. खूप वेळाने आई म्हणाली, "...माहेरी येऊ द्याल?"

"दर आठवड्याला, आई," तो म्हणाला.

ते गेल्यावर नानांनी विचारलं, "काय कळवू?" मी हो म्हटलं.

त्याने शब्द पाळला. दर रविवारी मी सिन्नरहून एसटीने नाशिकला यायचे; मूल झाल्यावर कडेवर तेही, आणि सोबत सासूबाई. त्या फार बोलक्या. बसल्या जागेवरून अख्ख्या सिन्नरची खबर सांगायच्या, आणि आई मान डोलवत ऐकायची. सासूबाई मला म्हणायच्या, "तुझ्या आईसारखं ऐकून घेणारं आमच्याकडं कोणी नाय."

एका रविवारी मी आत चहा टाकत होते. बाहेर सासूबाई कुणाच्या तरी लग्नातलं मानपानाचं सांगत होत्या. मध्येच आईचा आवाज आला, एकेक शब्द वेगळा करत, "विहीणबाई... आता... मला... बोलू द्या."

मग सासूबाई म्हणाल्या, "बोला की हो, मला घाई नाय." मी गॅस बारीक केला आणि दोघींचं होईपर्यंत आतच थांबले.