आमचा फोटो आणि नानांची आखणी

आमच्या पेणच्या घरात भिंतीवर एक कौटुंबिक फोटो आहे. त्यातल्या सगळ्या माणसांचे डोळे अगदी एकसारखे आहेत आणि आमच्या घराण्यात तसे डोळे कुणालाही नाहीत.

नवा पाहुणा आला की चहाचा कप खाली ठेवून त्या फोटोकडे पुन्हा पुन्हा बघतो. जरा धीट असला तर विचारतो, "सगळे एकाच घरातले का हो?" आई म्हणते, "व्हय." आणि विषय वाढू नये म्हणून मी घाईघाईनं बिस्किटांची बशी पुढे करतो.

ही गोष्ट रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळातली, म्हणजे नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचो आणि पहिल्या बोनसमधून एक कॅमेरा घेतला होता. साबणाच्या वडीएवढा. एकच बटण. दाबलं की फ्लॅश आपला आपण उडायचा. मला वाटायचं, अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्याएवढा फोटोग्राफर नाही! (जिल्ह्याला याची कल्पना नव्हती.)

माझे वडील, म्हणजे नाना, गणपतीचे मूर्तिकार. अंगणातच कारखाना. मूर्तीची माती, साचा, रंग हे सगळं इतर कुणीही करो, पण आखणी नानांचीच. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. नाना म्हणायचे, "डोळं लिवल्याशिवाय देव बघत नाय आणि गिऱ्हाईक पण बघत नाय."

आणि घरात एक शिस्त होती. मूर्ती अंगणातून बाहेर निघाली, कुणी "गणपती बाप्पा" ओरडलं, की ज्यानं त्यानं असेल तिथे हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि "मोरया" म्हणायचं. आई पुरी तळता तळता मिटायची. मी एकदा दाढी करताना मिटले होते. हनुवटीवर खूण आहे, कुणालाही दाखवीन.

तर त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, मुलीचं बारसं आमच्याकडे ठरलं. सुमनला रोह्यात दिलेली, पण तिचा नवरा विलास मस्कतला नोकरीला. तो सुट्टीवर येईपर्यंत बारसं थांबलं, म्हणून बाळ पाळण्यात घालायच्या वेळी चांगलं तीन महिन्यांचं गुटगुटीत झालेलं. बारसं उरकून त्याच दुपारी सगळे एसटीनं रोह्याला जाणार आणि तिथून चार दिवसांनी सुमन बाळासकट मस्कतला.

आईनं मला सकाळीच बाजूला घेतलं.

"बाळ्या, माझं एक काम कर. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढ. एक पण माणूस सुटता नये."

"एक काय, छत्तीस काढतो!"

"मला एकच पायजे. पोरगी चालली लांब, परत कधी येल कुणाला ठाव. भिंतीवर तरी दिसंल." आणि डोळ्याला पदर लावला. मलाही गलबलून आलं. मी छाती ठोकून सांगितलं, "आये, फोटो माझ्याकडं लागला."

एवढ्यात विलास आला. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. कॅमेरा कसला, आईच्या पाट्यावरचा वरवंटाच पट्ट्याला बांधला होता!

"झूम आहे," विलास म्हणाला. "मस्कतहून आणला. बाळू, तुझ्या त्या डबीत झूम कुठाय?"

"दाजी, झूम कशाला? चार पावलं पुढं गेलं की माणूस मोठा दिसतो."

"आणि झाडावरची चिमणी काढायची असेल तर?"

"चिमणीचं बारसं नाय ना आज!"

विलासनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "हे बघ, माझ्या कॅमेऱ्यात जे दिसतं तेच फोटोत येतं. तुझ्यात बघायचं भोक वेगळं आणि फोटो काढायची काच वेगळी. तुला काय दिसतंय आणि काय निघतंय, देवालाच माहीत."

(तो बरोबर बोलत होता हे मला नंतर कळलं. पण मेव्हणा बरोबर बोलतो हे तोंडावर कबूल करायची आपल्याकडे पद्धत नाही.)

मग आमची चुरस लागली. त्यानं पाळणा काढला, मी पाळणा काढला. त्यानं विहीणबाईंची, म्हणजे त्याच्याच आईची, नथ काढली. मी विहीणबाई अख्ख्या काढल्या. बाळाचं नाव केतकी ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, मी घुगऱ्यांचे पण दोन फोटो काढले. शेवटी आई कावली, "अरे, सगळ्यांचा काढ म्हटलं होतं नं? एसटीची वेळ झाली!" मी कॅमेऱ्याच्या खिडकीतला आकडा पाहिला. रोलमध्ये फक्त एक फोटो उरला होता.

"राहू दे," विलास म्हणाला. "तुझ्या एकावर कुठं विसंबायचं? ग्रुप मी काढतो."

सगळे अंगणात उभे राहिले. मध्ये आई केतकीला घेऊन, शेजारी सुमन, मग नाना, व्याही, विहीणबाई आणि कडेला मी. विलासनं वरवंटा डोळ्याला लावला.

"फक्त आईंचं नाक दिसतंय. थांबा, मागे जातो."

झूमची ही गंमत. लांबचं जवळ आणतो, पण जवळचं मावत नाही. विलास मागे गेला. नाक गेलं, चेहरा आला. आणखी मागे गेला. आई आणि केतकी आल्या. आणखी मागे, तर तो फाटकाबाहेर! रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि आनंदानं ओरडला, "आले! सगळे आले! हसा!" आम्ही हसलो, त्यानं बटण दाबलं, आणि नेमकी तेव्हाच मधून रोह्याची एसटी गेली.

"अहो, गाडी!" विहीणबाई किंचाळल्या.

"ती आपली नाय, आपली यापुढची," नाना म्हणाले. "पण जावईबापू, रस्त्यातनं आत या. फोटोपायी तुमच्याच फोटोला हार घालायची पाळी नको."

विलास आत आला. कोपऱ्यातून तिरका काढतो म्हणाला आणि डोळा कॅमेऱ्याला तसाच चिकटवून पुन्हा मागे सरकायला लागला. सुमन ओरडली, "अहो, मागं बघा!" विलास म्हणाला, "मला सगळं दिसतंय!" आणि भिजत घातलेल्या शाडूच्या टाकीत वरवंट्यासकट बसला!

मग तो उठला. पायापासून छातीपर्यंत राखाडी. लेन्सवरून माती गळत होती. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "जावईबापू, उन्हात उभं ऱ्हावा. सुकलात की रंगवायला घेतो."

व्याही हसून हसून तुळशीच्या कट्ट्यावर बसले. विहीणबाई मात्र फुगल्या. कपडे बदलायला वेळ नव्हता, पुढची एसटी आली असती. आईचा चेहरा रडवेला झाला.

"बाळ्या, तुझ्यात एक हाय नं रं?"

"हाय!" मी म्हणालो आणि साबणाची वडी बाहेर काढली. माझा दिवस उजाडला होता.

विलासला तसाच ओला मागे उभा केला. मी चार पावलं मागे गेलो, भोकातून पाहिलं. सगळे मावले होते! पण चेहरे कसे? विहीणबाई फुगलेल्या, सुमन कावलेली, आई रडवेली. हा फोटो भिंतीवर लावायचा? यांना हसवायला पाहिजे. 'मोरया' म्हणताना तोंड कसं छान उघडतं, माणूस हसल्यासारखा दिसतो, असा दिव्य विचार माझ्या डोक्यात आला.

मी दणदणीत आवाजात ओरडलो, "गणपती बाप्पा!"

"मोरया!"

आणि फ्लॅश उडाला.

एसटी मिळाली, सुमन गेली, आणि मी रोल स्टुडिओत टाकला. विश्वास एवढा, की शेवटचा फोटो न बघताच "हा मोठा करून द्या" असं सांगून ठेवलं.

मोठा करून आला. आईनं हात पुसून पाकिटातून काढला. फोटोत सगळे होते. हात जोडलेले, तोंडं उघडी आणि एकजात सगळ्यांचे डोळे मिटलेले! (विहीणबाई रोह्याच्या, पण आमच्या नादानं त्यांनीही मिटले.) केतकी माझ्या ओरडण्यानं दचकून, डोळे गच्च मिटून भोकाड पसरलेली. आणि उजव्या कोपऱ्यात, काचेवर आलेलं माझं बोट. दुधी भोपळ्याएवढं, गुलाबी!

आई हसली नाही. म्हणाली, "पोरगी बघत पण नाय माझ्याकडं," आणि आत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोटो फाडायला घेतला, तेवढ्यात नानांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ते कारखान्यात गेले.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला ते बाहेर आले. हाताला ऑइल पेंटचा वास.

"अगो, हिकडं ये. बघ, कोण बघतंय तुझ्याकडं."

सगळ्यांना डोळे आले होते! नानांना आयुष्यभर एकाच तऱ्हेचे डोळे काढायची सवय. लांब, शांत, कडेला किंचित लाली. सुमन प्रसन्न. केतकी भोकाड पसरूनही प्रसन्न. विलास शाडूत बुडालेला, पण मुखावर काय ते तेज! आणि विहीणबाई तर भक्ताला वर देतायत अशा कृपाळू दिसत होत्या, तशा त्या त्याआधी आणि त्यानंतर कधीही दिसल्या नाहीत.

आई आधी बघतच राहिली. मग अशी हसायला लागली, की हसता हसता तिला रडू फुटलं आणि रडता रडता पुन्हा हसू.

मी कोपऱ्यात पाहिलं. माझ्या बोटालाही दोन सुरेख डोळे काढले होते. वर भुवया.

"नाना, हे काय?"

"तू."

"मी?"

"एक पण माणूस सुटता नये म्हणाली होती नं तुझी आई? तूच एकटा सुटला होतास."

त्या फोटोचा स्टुडिओवाल्याकडून आणखी एक फोटो काढून घेतला (माझ्या हातात कुणी कॅमेरा दिला नाही) आणि मस्कतला पाठवला. सुमननं तो तिथे भिंतीवर लावला आणि केतकीला रोज एकेक माणूस दाखवून ओळख करून दिली. हे आजोबा, ही आजी, हा मामा.

चार वर्षांनी ती सगळी आली. मी पेणच्या स्टँडवर न्यायला गेलो. केतकी एसटीतून उतरली. मी हात पसरून म्हणालो, "ये, मामाकडे ये!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी नानांसारखं, आणि सुमनच्या मागे लपली. "हा मामा नाय!"

सुमननं समजावलं, विलासनं समजावलं. छे! शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी खाली वाकलो आणि उजव्या हाताचं बोट तिच्यापुढे धरलं.

तिनं ते नीट निरखलं. मग चेहरा उजळला, दोन्ही हातांनी ते बोट घट्ट पकडलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "मामा!"