आईचे मिटलेले डोळे

कांडपाच्या गिरणीतून आलेली आई दुपारी गाढ झोपली होती. मिटलेल्या पापण्यांखाली तिची बुबुळं भराभर फिरत होती. मावशी घाबरली, दृष्ट काढायला मूठभर मीठ घेऊन आली.

"थांब गं," मी कुजबुजले. "कालच कॉलेजात शिकवलं. असे डोळे फिरतात तेव्हा माणूस बहुधा स्वप्न बघत असतं."

"हिला कुठली स्वप्नं! स्वतःच सांगते ना, पडत नाहीत म्हणून."

मला मात्र नाचावंसं वाटत होतं. आई काहीतरी बघत होती! अशा किती दुपारी ती कुठे कुठे हिंडली असेल, आणि आम्ही तिला चहासाठी उठवलं असेल.

मावशीने मीठ हळूच बरणीत परत टाकलं.

"चहा मी करते," ती म्हणाली. "बघू दे तिला."