एकादशीची कोरडी गोळी

चेन्नईत येऊन मला अकरा वर्षं झाली, तरी रुग्णाला तमिळमध्ये "श्वास धरून ठेवा" म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यामुळे सोनोग्राफीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी "हें फार गार लागतं कीं?" असं मराठीत विचारलं, तेव्हा मी जेल लावलेला प्रोब हातात धरून नुसती बघत राहिले. तंजावरकडचं जुनं मराठी घर. ते निवृत्त शाळामास्तर. सोबत बायको होती. तिला मी इथल्या रीतीनं मामी म्हणू लागले.

मास्तरांचं लिव्हर बरेच दिवस खराब होत चाललं होतं. पोटात पाणी साठलेलं आणि आता दोन दिवस लघवी जवळजवळ बंद. अशा माणसाची किडनी का रुसली, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना माझ्याकडून हवं होतं. लघवीची वाट अडली असेल, किडनी आधीच सुकली असेल, शरीर कोरडं पडलं असेल, नाहीतर लिव्हरच तिला सोबत घेऊन बुडत असेल. शेवटचं असलं तर आमच्या हातात फार थोडं उरतं.

दोन्ही किडन्या चांगल्या मापाच्या निघाल्या, कुठे तुंबलेलं नव्हतं. मग हृदयाकडे जाणारी मोठी शीर पाहिली. प्रत्येक श्वासाला ती पार मिटत होती. पोटातल्या पाण्यानंही ती चेपते, म्हणून त्यांना कुशीवर वळवून पुन्हा पाहिली. तेच. पोट पाण्यानं फुगलेलं आणि शिरा रिकाम्या, म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला.

"मामी, हे पाणी किती पितात?"

"डॉक्टरांनीं सांगितलं तेवढंच, मापून. एकादशीला तेंही नाहीं. त्या दिवशीं आम्हां दोघांनाही पाणी नाहीं."

"एकादशी कधी झाली?"

"तीन दिवस झाले."

"आणि लघवीची गोळी?"

"ती मी चुकवत नाहीं," मास्तर अभिमानानं म्हणाले. "कोरडीच गिळली. औषध म्हणजे आहार नव्हे."

पाणी बाहेर काढणारी गोळी, तीही निर्जळी उपासाला. देवाची आणि डॉक्टरांची, दोघांचीही आज्ञा त्यांनी तंतोतंत पाळली होती. माझा पारा चढला.

"या आजारात असला उपास करायला सांगितलं कोणी?"

"मींच," मामी खाली बघत म्हणाल्या. "ह्यांना बरं वाटावं म्हणून." त्यांनी हळूच विचारलं, "मग हें माझ्यामुळें झालं कीं?"

मला माझीच लाज वाटली. खोटं बोलवेना आणि खरं तोंडातून निघेना.

"किडनी शाबूत दिसतेय, मामी. तहानलेली आहे बहुतेक. तहान भागवता येते."

माझी पुरती खात्री नव्हती. एका शिरेवरून कोणी पैज लावत नाही. मी वॉर्डात फोन केला, गोळ्या थांबल्या, रक्तात पाणी धरून ठेवणाऱ्या अल्ब्युमिनच्या बाटल्या शिरेतून सुरू झाल्या. पुढचे दोन दिवस काही ना काही निमित्त काढून मी वर वॉर्डात चकरा मारत होते.

तिसऱ्या दिवशी लघवीची पिशवी अर्धी भरली होती. असल्या गोष्टीनं माझे डोळे भरून येतील असं कधी वाटलं नव्हतं. लिव्हर होतं तसंच होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

"डॉक्टरांनी पाणी वाढवलंय," मी म्हटलं. मामींनी आपल्या थैलीतून स्टीलचे दोन टंबलर, इथले पेले, काढले. दोन्हींच्या आत अर्ध्यावर एक रेघ ओरखडलेली.

"दोन्हींना रेघ कशाला?"

"एक ह्यांचा, एक माझा. ह्यांना दिवसाला एवढे चारच. मग मीं जास्त कसं पिऊं?"

"कधीपासून?"

"पोंगल झाल्यापासून."

पोंगल म्हणजे जानेवारीतली संक्रांत आणि तेव्हा ऑगस्ट चालू होता. चेन्नईचा अख्खा उन्हाळा बाईनं त्या रेघेवर काढला होता. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरात पुरेसं पीत असेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी तांब्या मागून घेतला. मला धरू दिला नाही. एक टंबलर रेघेच्या वर, काठापर्यंत भरला आणि तिच्यापुढे केला.

"आधीं तूं," ते म्हणाले.

मामींनी टंबलर न उष्टावता ओठांपासून उंच धरला आणि मध्ये न थांबता त्या सगळं पाणी प्यायल्या.